हमिंगबर्ड, पन्नासची लेन्स आणि उन्हाचा उजेड

उडत्या हमिंगबर्डचा फोटो म्हटला की लोक लगेच ६०० मिमीच्या तोफेएवढ्या लेन्सची किंमत विचारायला लागतात. त्यापुढचे शौकीन चार-पाच फ्लॅश मांडून त्यांच्या मधोमध फीडर, म्हणजे गोड पाण्याचं भांडं, टांगतात. दोन्ही पद्धतींनी उत्तम फोटो येतात, वाद नाही. पण माझ्या खांद्याला तोफ पेलवत नाही आणि अंगणात फ्लॅशचा मांडव घालायचा मला कंटाळा. म्हणून मी ५० मिमीच्या साध्या लेन्सने, आहे त्या उजेडात हे फोटो काढते. कसे, ते इथे लिहिते आहे.

माझे सगळे नमुने रुबी-थ्रोटेड या जातीचे आहेत, कारण अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या पूर्वेला घरटं करणारा हमिंगबर्ड हा एकच. तुम्ही अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असाल तर अॅनाज हमिंगबर्ड बारा महिने दिसेल, अॅरिझोनात असाल तर एका फीडरवर चार जाती भांडताना दिसतील. पद्धत सगळीकडे हीच.

आधी अंतराचा हिशेब करून घेऊ, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पक्षी चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम नऊ सेंटीमीटर, वजन तीन ग्रॅमच्या आसपास. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर ५० मिमी लेन्स लावली आणि आडव्या फ्रेमच्या रुंदीचा चौथा हिस्सा पक्ष्याने भरावा असं वाटत असेल, तर लेन्स आणि पक्षी यांच्यात साधारण ५५ सेंटीमीटर अंतर हवं. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, हेच अंतर ८० सेंटीमीटरपर्यंत जातं, म्हणून या कामाला मला क्रॉप सेन्सरच बरा वाटतो. ३५ मिमी लावलीत तर फुल फ्रेमवर चाळीस सेंटीमीटरच्याही आत जावं लागेल. ८५ मिमी असेल तर मीटरभर अंतर मिळतं आणि सुरुवात करणाऱ्याने खुशाल तीच लावावी. लेन्स किती जवळचं फोकस करू शकते ते मात्र आधी बघा. बहुतेक ५० मिमी लेन्स ३५ ते ४५ सेंटीमीटरपर्यंत येतात, तेवढं पुरतं.

इतक्या जवळ जायचं तर छोट्या लेन्सचा फायदा काय? फायदा हा, की पक्ष्याबरोबर जागाही फोटोत येते. लांब लेन्सच्या फोटोत मागे हिरवा-करडा पुसट पडदा असतो, पक्षी कुठला ते कळत नाही. पन्नासने काढलेल्या फोटोत मागचं मेपल, कुंपण, डोंगराची रेघ थोडी विरघळलेली का होईना पण ओळखू येते. त्याचबरोबर मागची कचऱ्याची पेटीही ओळखू येते, हे लक्षात असू द्या.

पक्षी जवळ आणणं

अर्धा मीटर हे अंतर लेन्सने कापायचं नाही, सवयीने कापायचं. हमिंगबर्ड भित्रा नसतो. धीट आणि चौकस असतो. तुम्ही हलला नाहीत तर तो तुम्हाला तपासायला येतो, लाल टोपी घातली असेल तर नक्कीच. पंखांचा वारा गालाला लागतो तेव्हा दचकायचं नाही, एवढं जमलं की निम्मं काम झालं.

फीडरमध्ये एक भाग साधी पांढरी साखर आणि चार भाग पाणी, बस. मध नको, ब्राउन शुगर नको, लाल रंग तर मुळीच नको. फीडरच लाल असतो, पाण्याला रंग लागत नाही. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी पाणी बदला आणि फीडर नीट घासून धुवा. आंबलेलं किंवा बुरशी धरलेलं पाणी पक्ष्याला आजारी पाडतं. ज्याला फीडर धुवायचा कंटाळा आहे त्याने हा छंद धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पक्षी नियमाने यायला लागला की खुर्ची फीडरपासून तीन मीटरवर टाका आणि नुसतं बसा. दुसऱ्या दिवशी थोडं पुढे, तिसऱ्या दिवशी आणखी पुढे. कॅमेरा ट्रायपॉडवर लावणार असाल, तर तो जिथे उभा राहणार तिथे आदल्या दिवसापासून ट्रायपॉड ठेवा आणि त्यावर कॅमेऱ्याएवढा काळा डबा बांधा. पक्ष्याच्या दृष्टीने तो डबा अंगणातला एक खांब होऊन जातो, मग डब्याच्या जागी कॅमेरा आला तरी त्याला फरक पडत नाही.

आवाजाचं काय? पहिल्या खटक्याला पक्षी हातभर मागे उडतो. शटरचा आवाज त्याला ऐकू यायलाच हवा, आणि तो पीत असताना यायला हवा. म्हणून पहिल्या दिवशी फोटोंचा विचार न करता तो चोच घालून पीत असतानाच बटण दाबत राहा. खटका झाला, वाईट काही घडलं नाही, गोड पाणी तसंच आहे, हे त्याला कळतं.

इथे कुणीतरी म्हणेल, इलेक्ट्रॉनिक शटर वापरा, आवाजच नाही. वापरू नका. त्यात पडदा हलत नाही, सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, आणि बऱ्याच साध्या मिररलेस कॅमेऱ्यांचा सेन्सर वरपासून खालपर्यंत वाचून व्हायला १/३० सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. रुबी-थ्रोटेड एका सेकंदात सुमारे ५० वेळा पंख मारतो. म्हणजे सेन्सर वाचून होईपर्यंत पंख दीड फेरी करून आलेला असतो. पक्ष्याने फ्रेमच्या उंचीचा चौथाच हिस्सा व्यापला असला, तरी तेवढ्या पट्टीतही पंख जवळजवळ अर्धी फेरी करतो. फोटोत पंख रबरासारखे वाकलेले, कधी तुटून वेगळे पडलेले दिसतात. शटर स्पीड १/८००० ठेवलात तरी हा दोष जात नाही, कारण दोष वाचण्याच्या वेगाचा आहे. स्टॅक्ड, म्हणजे फार झटपट वाचला जाणारा, सेन्सर असलेल्या महागड्या कॅमेऱ्यांत हा त्रास बराच कमी असतो. बाकीच्यांनी मेकॅनिकल शटरच ठेवावं.

फीडर मांडायची युक्ती

फीडरला चार-पाच तोंडं असतात. एक सोडून बाकी सगळ्यांवर टेप लावा. बसायची दांडी निघत असेल तर काढा. आता पक्ष्याला एकाच जागी, हवेत तरंगत प्यावं लागेल. कुठून येणार आणि कुठे थांबणार, हे तुम्ही ठरवलेलं असेल.

पिताना त्याचा फोटो काढू नका. काढा, पण तो तुम्हाला हवा असलेला फोटो नाही, कारण चोच प्लॅस्टिकमध्ये खुपसलेली असते. हवा असलेला क्षण त्यानंतरचा. दोन-चार घोट घेतले की तो पाच-दहा सेंटीमीटर मागे सरकतो, जागेवर तरंगतो, इकडेतिकडे बघतो आणि पुन्हा प्यायला पुढे येतो. प्रत्येक भेटीत हे एक-दोनदा तरी घडतं. तरंगण्याची ती जागा जवळपास ठरलेली असते.

तिथेच आधी फोकस लावून ठेवायचा. मी फीडरच्या तोंडासमोर आठेक सेंटीमीटरवर एक पेन्सिल उभी धरते, तिच्यावर फोकस करते, लेन्स मॅन्युअलवर टाकते आणि पेन्सिल काढून घेते. नव्या कॅमेऱ्यांमध्ये पक्ष्याचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस असतो आणि तो चांगला चालतो, पण इतक्या जवळच्या अंतरावर तो कधी मागच्या झाडावर उडी मारेल सांगता येत नाही. आणि झाडावर गेलेला फोकस परत येईपर्यंत पक्षी निघून गेलेला असतो. पेन्सिल कधी दगा देत नाही.

कॅमेरा अशा कोनात ठेवा की पक्ष्याची मागे-पुढे होणारी हालचाल तुम्हाला आडवी दिसेल. म्हणजे फीडरचं तोंड डावीकडे, पक्षी उजवीकडे, तुम्ही बाजूला. तो पाच सेंटीमीटर जास्त मागे सरकला तरी लेन्सपासूनचं अंतर बदलत नाही आणि फोकस टिकतो.

फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे किती अंतर तीक्ष्ण येतं, ते पाहा. एफचा आकडा लेन्सच्या छिद्राचा, आकडा मोठा तेवढं छिद्र लहान. फुल फ्रेमवर ५५ सेंटीमीटरवर एफ/८ ला साधारण पाच सेंटीमीटर, एफ/५.६ ला पावणेचार, एफ/४ ला अडीच. एफ/१.८ घेतलंत तर सेंटीमीटरभर उरतो, त्यात डोळा आला तर चोच जाते. पन्नासची लेन्स १.८ ची आहे म्हणून ती १.८ लाच वापरली पाहिजे असं नाही. या कामाला एफ/५.६ ते एफ/८ याच्या बाहेर मी सहसा जात नाही.

उजेड

भर उन्हात जुना हिशेब लागू पडतो: एफ/१६ ला शटर स्पीड म्हणजे आयएसओचा, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या आकड्याचा, व्यस्तांक. त्यावरून एफ/८ आणि आयएसओ ८०० ला १/३२०० सेकंद मिळतं. एफ/५.६ ला १/६४००. ढगाळ पण लख्ख दिवस असेल, सावली पडत नसेल, तर दोन स्टॉप जातात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). अशा वेळी एफ/५.६ आणि आयएसओ १६०० ला १/३२००. कोवळ्या उन्हात स्टॉप-दोन स्टॉप कमी धरा. सगळं मॅन्युअलवर ठेवा, कारण ऑटोवर कॅमेरा मागचं झाड आणि मागचं आकाश मोजत बसतो आणि पक्षी कधी काळा, कधी पांढराफटक येतो. पोटाची पांढरी पिसं जळत नाहीत ना, एवढं पाहून एक्स्पोजर बांधा. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न आवळलेली कच्ची, असू द्या.

आता पंखांचा हिशेब. पंख साडेचार सेंटीमीटरचा धरला आणि तो एका दिशेने १५० अंश फिरतो असं मानलं, तर टोक एका झोक्यात जवळजवळ १२ सेंटीमीटर जातं. सेकंदाला असे १०० झोके, म्हणजे टोकाचा सरासरी वेग सेकंदाला १२ मीटर. १/१००० ला टोक सव्वा सेंटीमीटर सरकतं, १/२००० ला सहा मिलिमीटर, १/४००० ला तीन. म्हणजे नुसत्या उन्हात टोक पूर्णपणे गोठवणं अवघडच. एमआयटीतल्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी आणि पुढे ड्यूपाँट कंपनीचे अध्यक्ष असलेल्या क्रॉफर्ड ग्रीनवॉल्ट यांनी हमिंगबर्डचे पंख गोठवले ते अतिशय अल्पकाळ चमकणाऱ्या फ्लॅशच्या जोरावर.

पण एक पळवाट आहे. झोक्याच्या दोन्ही टोकांना, पुढे आणि मागे, पंखाला दिशा बदलण्यासाठी थांबावंच लागतं. त्या क्षणी १/२००० लाही पंख स्वच्छ येतो. तो क्षण डोळ्याने पकडता येणार नाही. माणसाचं बोट हलायला पाव सेकंद लागतो, तेवढ्यात पंख डझनभर वेळा मारून झालेले असतात. म्हणून पक्षी मागे सरकायला लागला की बटण दाबायचं आणि सात-आठ फोटोंची माळ सोडायची. त्यातल्या एखाद्या फोटोत पंख टोकाला सापडतो. लांबलचक माळा लावू नका, बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो आणि नेमका तेव्हाच नर गळा फुगवून समोर येतो.

मला विचाराल तर पंख पूर्ण गोठवलेला फोटो मला फारसा आवडत नाही, पक्षी टाचणीने टोचून ठेवल्यासारखा वाटतो. अंग आणि डोळा तीक्ष्ण, पंखाची टोकं किंचित पुसट, असा १/१६०० ते १/२५०० मधला फोटो मी आधी निवडते. याला नियम समजू नका. पण १/५०० च्या खाली गेलात तर पंख जवळजवळ दिसेनासे होतात आणि अंगही हलायला लागतं.

उजेडाच्या दिशेबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण छोट्या लेन्सवाल्याची खरी अडचण इथे आहे. नराच्या गळ्याचा माणकासारखा लाल हा रंगद्रव्याचा रंग नाही. पिसांमधले मेलॅनिनचे सूक्ष्म, हवा धरलेले थर उजेड एका ठरावीक कोनात परत पाठवतात, तेव्हाच तो लाल दिसतो. कोन चुकला की तोच गळा काळा ठिक्कर. म्हणून सूर्य तुमच्या पाठीशी आणि पक्ष्याचं तोंड थोडंफार तुमच्याकडे असलं पाहिजे. लांब लेन्सवाला दहा मीटरवर बसतो, त्याला हे सोपं आहे. तुम्ही अर्ध्या मीटरवर आहात. सूर्य बरोबर पाठीशी घेतलात की तुमच्याच डोक्याची सावली फीडरवर पडते.

उपाय असा. सूर्य खांद्यावरून येऊ द्या, पाठीच्या रेषेपासून तीस-चाळीस अंश बाजूला. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला सूर्य जरा वर आलेला असतो आणि सावली खाली पडते, तो वेळ उत्तम. लेन्स फीडरच्या तोंडापेक्षा थोडी खाली ठेवा, चार बोटं पुरेत. फार खाली गेलात तर पक्ष्यामागे उजळ आकाश येतं आणि पक्षी काळवंडतो. रिकामा फीडर टांगून, पक्षी नसताना, स्वतःची सावली कुठे पडते ते एकदा तासातासाने बघून ठेवा. हे कंटाळवाणं काम एकदाच करायचं आहे.

वरून ऊन आलं की पंखांची खालची बाजू आणि पोट अंधारात जातं. फीडरखाली हातभर अंतरावर पांढरा फोम बोर्ड आडवा ठेवा. उन्हाचा उजेड त्यावरून उडून पोटाला लागतो आणि फरक ताबडतोब दिसतो. पांढरी चादरही चालते, पण ती वाऱ्याने फडफडते आणि पक्षी बिचकतो. चकचकीत चंदेरी रिफ्लेक्टर मात्र नको, त्याचा झोत पक्ष्याच्या डोळ्यांत जातो.

सूर्य समोर घेऊनही फोटो काढता येतो. पंखांतून ऊन आरपार येतं, पिसांच्या बारीक रेषांमधून उजेड फुटून कधी इंद्रधनुष्याचे रंग उमटतात. त्यासाठी मागे गडद झाडी हवी आणि लेन्सला हूड हवं. माझ्याकडे असे फोटो मोजकेच आहेत, म्हणून त्याबद्दल अधिक अधिकाराने बोलत नाही.

फीडर फोटोत नको असेल तर

नकोच असतो. दोन वाटा आहेत. पहिली, फ्रेम अशी बांधा की तोंड कडेच्या बाहेर राहील आणि मागे सरकलेला पक्षीच आत येईल. दुसरी, फूल. बी बाम, ट्रंपेट क्रीपर, कार्डिनल फ्लॉवर, साल्विया, यातलं काहीही कुंडीत असेल तर ती कुंडी फीडरच्या अगदी शेजारी आणा. फीडर अर्धा तास आत घेतला की पक्षी येतो, फीडरच्या जागी घिरट्या घालतो, मग फुलांकडे वळतो. अर्ध्या तासाहून जास्त वेळ फीडर काढू नका, आणि थंडी-पावसात तर अजिबात नाही. या पक्ष्याला दर दहा-पंधरा मिनिटांनी काहीतरी पोटात घालावं लागतं.

फुलावर तो एक-दोन सेकंदच थांबतो आणि दांडा वाऱ्याने हलतो, म्हणून दांडा काडीला बांधून टाका. लांब नळीच्या फुलात चोचच काय, कपाळही आत जातं. इथेही बाहेर निघतानाचाच फोटो काढायचा. चोचीचं टोक फुलाच्या तोंडाशी आणि परागांचे कण कपाळावर, असा फोटो मिळाला तर फीडरचे शंभर फोटो त्यावरून ओवाळून टाकावेत.

बाहेर बसणं जमत नसेल तर खिडकी वापरा. काच पूर्ण उघडा, जाळी काढा, आतला दिवा बंद करा आणि फीडर खिडकीपासून हातभर अंतरावर टांगा. अंधाऱ्या खोलीतला माणूस पक्ष्याला जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे सवय लावायचे दिवसही वाचतात. तो खोलीत शिरलाच तर पाठलाग करू नका. बाकीचे पडदे ओढून घ्या, उघडी खिडकी तेवढी उजळ राहू द्या, तो उजेडाकडे जातो. खिडकी बंद ठेवायची असेल तेव्हाही फीडर काचेपासून मीटरभराच्या आतच असू द्या. तेवढ्या अंतरात त्याला वेग घेता येत नाही, धडकला तरी फारसं लागत नाही.

हंगाम म्हणाल तर जुलैचा शेवट आणि ऑगस्ट. पिल्लं उडायला लागलेली असतात, दक्षिणेकडे जाण्याआधी सगळ्यांना अंगावर चरबी चढवायची असते, फीडरवर झुंबड उडते. नर मात्र ऑगस्टमध्येच निघायला लागतात, तेव्हा लाल गळा हवा असेल तर मे-जून सोडू नका. एखादा दांडगा नर फीडर अडवून बसतो आणि कुणालाच येऊ देत नाही. त्याच्या नजरेआड, घराच्या दुसऱ्या बाजूला, दुसरा फीडर लावा. दिवसातली पहिली वेळ पहाटेची. रात्रभर उपाशी आणि थंड पडलेला पक्षी तेव्हा भुकेने आलेला असतो आणि तुमची पर्वा करत नाही. पण तेव्हा उजेड कमी असतो. मी पहाटे नुसती बसते आणि आठनंतर काढायला लागते.

घरटं सापडलं तर या लेन्सने त्याच्या जवळपासही जायचं नाही. पन्नासने घरट्याचा फोटो म्हणजे अर्ध्या मीटरवर तुम्ही, आणि बाहेर ताटकळत उडणारी मादी. अंडी किंवा पिल्लं असलेलं घरटं मोडणं अमेरिकेच्या १९१८च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी अॅक्ट या कायद्याखाली गुन्हाही आहे.

निवडीला बसाल तेव्हा आधी डोळा १०० टक्के मोठा करून बघा. डोळा तीक्ष्ण नसेल तर पंख कितीही सुंदर आलेले असोत, फोटो काढून टाका. उरलेल्यांत पंख टोकाला असलेले वेगळे करा, मग गळ्याचा रंग बघा, मग पार्श्वभूमी. या क्रमाने गेलात तर चारशे फोटोंचे दहा व्हायला वीस मिनिटं पुरतात. नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) कमी करताना हात आखडता ठेवा, कारण सॉफ्टवेअर पिसांनाच नॉइज समजून लिंपून टाकतं. आयएसओ १६०० ला आलेले थोडे दाणे छापल्यावर दिसतही नाहीत.